एसीतला गॅस संपत नसतो: घरच्या एसीत नक्की काय चालतं आणि काय बिघडतं

मार्च संपत आला की घराघरात तोच सीन. कपाटातून रिमोट निघतो, सेल बदलले जातात, एसी लावला जातो आणि अर्ध्या तासाने कोणीतरी म्हणतं, अरे हा थंडच करत नाहीये. मग मेकॅनिक येतो, भिंतीवरच्या इनडोअर युनिटखाली हात धरतो, बाहेरच्या आऊटडोअर युनिटकडे डोकावतो आणि निकाल देतो, "गॅस संपलाय साहेब, भरावा लागेल." दोन-तीन हजार जातात, एसी थंड होतो, सगळे खूश, आणि पुढच्या मार्चमध्ये परत तेच.

तर सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, एसीतला गॅस संपत नसतो. तो आत कुठे जळत नाही की खर्च होत नाही. तांब्याच्या बंद पाईपमध्ये तोच तो गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो, एसी भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळाला. गळती न शोधता वरून भरला तर तो परत गळणारच, मग ते काम सर्व्हिसचं नाही, ते दरवर्षीचं भाडं झालं.

हे पटायला एसी आत करतो काय ते थोडं बघावं लागेल. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडावर स्पिरिट चोळते तेव्हा गार लागतं ना, ते स्पिरिट काही फ्रिजमधलं नसतं, उडून जाताना ते कातडीतली उष्णता घेऊन जातं म्हणून गार लागतं. एसीतला गॅस तेच करतो, फक्त त्याला उडून जाऊ देत नाहीत, पकडून परत द्रव करतात आणि परत कामाला लावतात. आजकालच्या बहुतेक एसीत आर-३२ गॅस असतो, तो मोकळ्या हवेत उणे ५२ अंशांनाच उकळतो. दाब वाढवला की उकळायचं तापमान वर जातं, दाब कमी केला की खाली येतं, आणि ह्या एकाच गोष्टीवर अख्खं मशीन चालतं.

म्हणजे बघा. इनडोअरमध्ये जी कॉइल असते तिच्यात गॅसचा दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तो पाच-दहा अंशांच्या आसपास उकळतो. खोलीतली हवा २८-३० अंशांची, ती त्या कॉइलवरून जाताना आपली उष्णता गॅसला देते आणि गार होऊन परत खोलीत येते. वाफ झालेला गॅस जाड पाईपने बाहेर जातो, तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो चांगलाच तापतो, बाहेर ४० अंश असले तरी त्याहून जास्त गरम. आणि जास्त गरम आहे म्हणूनच तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊ शकतो, एवढ्या उन्हातसुद्धा. बाहेरच्या कॉइलमध्ये म्हणजे कंडेन्सरमध्ये गार होऊन त्याचा द्रव होतो, मग तो कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जातो, दाब एकदम पडतो, आणि गार होऊन बारीक पाईपने परत आत. झालं चक्र पूर्ण.

दीड टनाचा एसी म्हणजे काय तेही इथेच सांगतो कारण लोकांना ते मशीनचं वजन वाटतं. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता त्याच वेगाने काढायची ताकद म्हणजे एक टन, किलोवॅटमध्ये साडेतीन. दीड टनाचा एसी साधारण ५.२ किलोवॅट उष्णता खोलीतून काढतो आणि त्यासाठी पूर्ण जोरात चालताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज खातो. हे दोन्ही मिळून जवळजवळ पावणेसात किलोवॅटची उष्णता त्या बिचाऱ्या आऊटडोअरला बाहेर फेकायची असते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचं मूळ आऊटडोअरला श्वास घ्यायला जागा नाही यात आहे.

पुण्या-ठाण्याच्या नवीन फ्लॅटमध्ये जाऊन बघा. आऊटडोअर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर, समोर कपड्यांचा स्टँड, आणि धूळ येते म्हणून काचेची खिडकी बंद. तो पंखा गरम हवा बाहेर टाकतोय कुठे, तर त्याच चार बाय तीनच्या कोंडवाड्यात, आणि तीच हवा मागून परत खेचतोय. किंवा बिल्डिंगच्या डक्टमध्ये एकावर एक सात मजल्यांचे आऊटडोअर, खालच्याची गरम हवा वरच्याच्या तोंडात. मग वरच्या मजल्यावरचे म्हणतात आमचाच एसी का थंड करत नाही. अशा वेळी कंडेन्सरमधला दाब चढत जातो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, शेवटी त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा छोटा स्विच, त्याला बंद पाडतो. पंधरा-वीस मिनिटांनी गार झाला की परत चालू. घरच्यांना दिसतं काय, तर एसी दुपारी मध्येच थंड हवा द्यायचा बंद होतो आणि रात्री एकदम मस्त चालतो. दुपारी बिघडणारा आणि रात्री सुधारणारा एसी असेल तर गॅसचं नाव काढण्याआधी आऊटडोअर धुवून घ्या. नागपूर-चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तिथे तर पत्र्यावर भर उन्हात ठेवलेल्या युनिटची काय अवस्था होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मुंबईत याच्यात कबुतरांची भर. आऊटडोअरच्या मागे काड्या, पिसं, विष्ठा, आणि ती विष्ठा अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, खाऊन टाकते. समुद्राजवळ असाल तर खारी हवा आहेच, कोकणात आणि गोव्यात काही वर्षांतच फिन्सची पांढरी पूड होऊन हातात येते. फिन्स गेल्या की उष्णता बाहेर जायचा रस्ताच गेला, मग त्यात कितीही गॅस भरा.

आता आत या. इनडोअरमध्ये वर जाळीचे फिल्टर, त्याच्या मागे कॉइल, खाली लांबलचक गोल ब्लोअर, त्याच्या खाली पाण्याचा ट्रे. फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली धुवायचा, सावलीत वाळवून लावायचा, यात मेकॅनिकचं काही काम नाही. तरी लोक वर्षानुवर्षं उघडत नाहीत. फिल्टर गच्च झाला की हवा कमी येते, हवा कमी आली की कॉइलला उष्णता मिळत नाही, ती शून्याच्या खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने हवा अजून अडते, अजून बर्फ. मग एसी बंद केल्यावर भिंतीवरून पाण्याची धार. बर्फ दिसला की घाबरून चाकूबिकू घालून खरवडायला जाऊ नका, कॉइलला भोक पडेल, आणि मग खरंच गॅस जाईल! कूलिंग बंद करून नुसत्या फॅन मोडवर तासभर चालू द्या, आपोआप वितळतो.

बर्फ हवेमुळे झाला की गॅसमुळे, हे ओळखायची एक साधी खूण आहे. आऊटडोअरच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह असतात, एकाला बारीक पाईप, एकाला जाड. एसी पंधरा मिनिटं चालल्यावर दोन्ही गार असायला हवेत आणि जाड पाईपवर, कव्हर नसेल तिथे, दव धरलेलं हवं. बारीक पाईपवर पांढरा बर्फ आणि जाड पाईप कोरडा ठणठणीत, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त (किंवा कॅपिलरी चोक). उलट जाड पाईपपर्यंत बर्फ आला असेल आणि आत हवा मरतुकडी येत असेल तर आधी फिल्टर आणि ब्लोअर. ब्लोअरच्या पात्यांमध्ये काळी बुरशी आणि धुळीचा थर बसतो तो वरून दिसत नाही, टॉर्च मारून खालच्या फटीतून बघा, किळस येईल. वर्षातून एकदा जेट पंपाने सर्व्हिस करतात ती ह्याच्यासाठी. ओल्या मोज्यांसारखा वास येतो तोही तिथूनच.

अजून एक घरगुती टेस्ट. साधा थर्मामीटर घ्या, वरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं. फरक आठ ते बारा अंशांचा असेल तर एसीची तब्येत ठीक आहे आणि खोली गार होत नसेल तर दोष खोलीचा आहे, म्हणजे पश्चिमेची काच, वर टेरेसचा स्लॅब, दाराखालची फट, किंवा मुळातच टन कमी घेतलेला. टॉप फ्लोअरला एक टनाचा एसी घेऊन कंपनीला शिव्या घालणारे आपल्यात कमी नाहीत.

पाणी गळणं ही पावसाळी तक्रार. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी एसीचा पूर्वज बनवला तो माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर छापले जायचे नाहीत म्हणून. हवेतला ओलावा काढणं हे एसीचं जुनं आणि मुख्य काम. म्हणूनच नागपूरला कूलर चालतो, हवा कोरडी असते, आणि मुंबईत कूलर लावला की चिकचिक वाढते. मुंबईच्या दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. ते सगळं त्या ट्रेमधून अंगठ्याएवढ्या ड्रेन पाईपने जातं, त्यात शेवाळ, धूळ, एखादं झुरळ अडकलं की पाणी दुसरीकडून म्हणजे तुमच्या गादीवर. बहुतेक वेळा पाईपच्या बाहेरच्या टोकाला तोंडाने, शहाणे असाल तर व्हॅक्यूम क्लीनरने, ओढलं की काम होतं. पाईपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल किंवा पाईप मध्येच वर चढत असेल तरी पाणी तुंबतं. आणि हो, ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात लोक, डिस्टिल्ड वॉटर समजून. नका घालू, कॉइलवरची धूळ आणि तांब्या-अॅल्युमिनियमचे अंश त्यात आलेले असतात. लादी पुसा, झाडांना घाला.

आता कॅपेसिटर. हा छोटा दंडगोल डबा म्हणजे साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दगा देणारा पार्ट. कॉम्प्रेसरची मोटर सुरू व्हायला आणि नीट चालायला तो लागतो. लक्षणं अगदी ठरलेली, आऊटडोअरमधून नुसता 'हूंऽऽ' असा आवाज येतो, काही सेकंदांनी टक्, मग शांतता, तीन-चार मिनिटांनी परत हूं आणि टक्. आत फॅन चालू, हवा साधी. अशा वेळी मेकॅनिकने झाकण उघडलं की डबा वरून फुगलेला दिसतो, कधी तेल सुटलेलं. त्याच्यावर ४५ किंवा ५० मायक्रोफॅरड असं काहीतरी लिहिलेलं असतं, तेवढाच नवीन घालायचा, लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळतो. बाहेरचा पंखा फिरत नाही पण काडीने ढकलला की फिरायला लागतो, तर पंख्याचा छोटा कॅपेसिटर गेला. पण हे स्वतः करायला जाऊ नका, मेन स्विच बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि झटका असा बसतो की हात दोन दिवस आठवण ठेवतो. मेकॅनिककडून करून घ्या, फक्त "कॉम्प्रेसर गेला, बारा हजार" म्हणाला तर "आधी कॅपेसिटर मीटरवर चेक करून दाखवा" एवढं म्हणायला काय जातं.

आणि ते तीन-चार मिनिटांचं थांबणं, लाईट जाऊन आली की एसी लगेच सुरू होत नाही, त्यावरून चिडू नका. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याच्या आधी सुरू केला तर मोटर अडून बसते. म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरला हा कॅपेसिटर नसतो, तिथे सगळा कारभार आऊटडोअरमधल्या पीसीबीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा. साधा एसी पूर्ण जोरात चालतो नाहीतर पूर्ण बंद होतो, इन्व्हर्टर वेग कमी-जास्त करतो, खोली गार झाली की अगदी हळू चालत राहतो आणि वीज तिथे वाचते. फायदा खरा आहे, पण दुखणंही महाग आहे. त्या बोर्डवर व्होल्टेजचे झटके, ओल, मुंग्या आणि आपली लाडकी पाल. पाल उबेला आत शिरते, दोन टर्मिनलवर पाय ठेवते, तीही जाते आणि बोर्डही. कंपनी अख्खा बोर्ड बदलते आणि बिल बघून घाम फुटतो. वॉरंटी संपली असेल तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर शहरात असतात, त्यांच्याकडे एकदा टाकून बघायला हरकत नाही, बऱ्याचदा एखादा रिले किंवा फ्यूजसारखा पार्टच गेलेला असतो. गावाकडे व्होल्टेज १६०-१७० ला येत असेल तर 'स्टॅबिलायझर फ्री' ह्या स्टिकरवर विसंबू नका, कंपनीने दिलेली रेंज मॅन्युअलमध्ये वाचा आणि मग ठरवा.

प्लगकडेही बघा जरा. दीड टनाला स्वतंत्र लाईन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अर्थिंग आणि स्वतःचा एमसीबी लागतो. फ्रिजच्या पॉईंटवरून एक्स्टेन्शन ओढून एसी लावलेली घरं मी बघितली आहेत. एसी तासभर चालल्यावर प्लगच्या आसपास हात लावून बघा, गरम लागत असेल किंवा पिन काळी पडली असेल तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन.

तापमानाचं थोडक्यात. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होईलच असं नाही, साध्या एसीला फक्त कधी थांबायचं तेवढंच कळतं, आणि १६ म्हटलं की तो थांबतच नाही. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात, तो बीईईचा, म्हणजे वीज बचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, आणि त्यांच्याच म्हणण्यानुसार एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २५-२६ आणि वर पंखा, बिलात फरक दिसतो.

परत गॅसकडे येतो कारण पैसे तिथेच जातात. खरंच गळती असेल तर ती कुठे असते? बहुतेकदा इनडोअर-आऊटडोअरच्या जोडावर, जिथे तांब्याच्या पाईपचं तोंड फुलासारखं पसरवून नट आवळतात, त्या फ्लेअरवर. तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर चोर सापडला, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. साबणाचं पाणी लावलं की फुगे. दुसरी जागा म्हणजे कॉइल, तिला सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकं पडतात, नाल्याकाठच्या बिल्डिंगमध्ये गटाराच्या वायूने तांबं काळं पडून हे लवकर होतं. नीट काम म्हणजे आधी नायट्रोजन भरून दाब धरतोय का ते बघणं, गळती जोडणं, मग व्हॅक्यूम पंप लावून पाईपमधली हवा आणि ओल पूर्ण काढणं, आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरणं. किती ग्रॅम भरायचा ते आऊटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. नुसतं गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणारे बरेच, पण बाहेरच्या उन्हाप्रमाणे प्रेशर बदलतं, ग्रॅम बदलत नाहीत. जुन्या आर-२२ गॅसमध्ये चालू एसीचं प्रेशर ६०-७० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असायचं, आर-३२ मध्ये त्याच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे जुन्या सवयीने भरणारा माणूस असेल तर जपून. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, पाईपमध्ये गॅस असताना तिथे पाईप जोडायची ज्योतीची टॉर्च पेटवायची नाही.

आर-२२ चा जुना एसी गळत असेल तर मी त्यात फार पैसे घालणार नाही. ओझोनच्या थराला धोका म्हणून तो गॅस २०३० पर्यंत बंद करायचं ठरलेलं आहे, कमी होत जाणारी वस्तू महागच होते, आणि तेवढ्या जुन्या मशीनचं वीजबिलही जास्तच असतं.

घर बदलताना मात्र सगळ्यात जास्त गॅस वाया जातो, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. एसी काढण्याआधी पंप डाऊन करायचा असतो. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक पाईपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, गॅस सगळा आऊटडोअरमध्ये गोळा होतो, मग जाड पाईपचाही बंद करायचा आणि लगेच एसी बंद. काही मिनिटांचं काम आहे. घाईत असलेला माणूस सरळ नट सोडतो, फुस्स आवाज होतो आणि नव्या घरी जाऊन तोच म्हणतो गॅस भरावा लागेल. नव्या जागी बसवतानाही व्हॅक्यूम पंप आणलाय का विचारा, गॅसच थोडा सोडून पाईपमधली हवा ढकलून काढायची पद्धत आहे ती चालवून घेऊ नका, आत राहिलेली ओल तेलात मिसळून कॉम्प्रेसरची वाट लावते. पंप गाडीत नाही म्हणाला तर उद्या घेऊन ये म्हणायचं, एक रात्र पंख्यावर निघते.